ईसीजी नॉर्मल होता, तरी हृदयात गाठ कशी?

प्रश्न थोडक्यात असा: देवगड तालुक्यातला ३४ वर्षांचा आंबा बागायतदार पेट्या भरायला वाकला आणि जागीच कोसळला. ग्रामीण रुग्णालयात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आधीचे पाच-सहा महिने अधूनमधून चक्कर, अंगात कणकण, वजन उतरलेलं. दोनदा ईसीजी काढला, दोन्ही नॉर्मल. पित्ताची आणि ताकदीची औषधं चालू होती. शवविच्छेदनात ‘लेफ्ट एट्रियल मिक्सोमा, ६ × ४ × ३ सेंमी’, म्हणजे हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यातली गाठ, निघाला. डॉक्टरांना कळलं कसं नाही, हा कॅन्सर होता का, वेळेत कळतं तर वाचला असता का, आणि आम्हां भावंडांना व त्याच्या दोन मुलांना धोका आहे का, असं त्याच्या बहिणीने विचारलं आहे.

ताई, आधी एक काम सांगतो, कारण त्याला उशीर झाला तर ते हातचं जाईल. शवविच्छेदन अहवालाची प्रत पोलिस ठाण्यातून घ्या. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याचा अहवाल, म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजी, वेगळा असतो आणि बहुतेक वेळा उशिरा येतो. तोही मागा. त्यावर एक नंबर असतो. त्या नंबरचा, मेणात बसवलेला गाठीचा तुकडा (‘पॅराफिन ब्लॉक’) प्रयोगशाळेत ठेवलेला असतो. तो नष्ट करू नये असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मुलांच्या तपासणीशी त्याचा संबंध आहे, ते पुढे येईल.

हा कॅन्सर नव्हता. मिक्सोमा ही साधी गाठ. हृदयातच उगम पावणाऱ्या गाठी मुळात फार विरळा, १०,००० शवविच्छेदनांत दोनच्या आसपास. त्यांतल्या चारांपैकी तीन साध्या असतात, आणि मोठ्या माणसांतल्या साध्या गाठींमध्ये साधारण निम्मे मिक्सोमा. बायकांत जास्त, वय बहुतेक तीस ते साठ. फुफ्फुस, स्तन किंवा रक्ताचा कॅन्सर पसरून हृदयापर्यंत येणं हे याच्या कितीतरी पट जास्त वेळा घडतं, पण ती वेगळी गोष्ट.

साधी गाठ माणसाला क्षणात कशी नेते, हे जागेवरून कळतं. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये पडदा असतो. त्या पडद्यावर एक खोलगट जागा असते. बाळ पोटात असताना तिथून रक्त एका बाजूने दुसऱ्या बाजूला जात असतं. मिक्सोमा बहुधा इथेच, देठाने चिकटलेला उगवतो. साधारण चारांपैकी तीन डाव्या वरच्या कप्प्यात, उरलेले बहुतेक उजव्यात. कापून पाहिला तर ताडगोळ्याच्या गरासारखा: अर्धपारदर्शक, बुळबुळीत, मध्येमध्ये रक्तस्रावाचे तांबडे-तपकिरी डाग.

डाव्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात रक्त मायट्रल झडपेतून उतरतं. पूर्ण उघडलेल्या झडपेचं तोंड ४ ते ६ चौरस सेंमी. देठ लांब असेल तर प्रत्येक ठोक्याला, झडप उघडली की गाठ रक्ताबरोबर खाली तोंडात उतरते आणि हृदय आवळलं की परत वर येते. महिनोन्‌महिने हे चालतं. रोगी थोडा दमतो, कधी डोळ्यांपुढे अंधारी येते, परत ठीक होतो. तुमच्या भावाची ६ सेंमीची गाठ एवढ्या तोंडात एकदा अडकून बसली की खालच्या कप्प्यात रक्तच उतरत नाही. रक्त न मिळालेला मेंदू दहाएक सेकंदांत शुद्ध हरपतो. मग हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांतला दाब पडतो, ठोके बिघडतात आणि हृदय नुसतं थरथरत राहतं. बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळं ‘अटॅक’सारखंच दिसतं. छाती दाबून पुनरुज्जीवन करायलाच हवं, पण भरतच नाही तो कप्पा दाबून बाहेर येणार किती, ही अडचण इथे असते. म्हणून कोणी जवळ असतं तर, हे मनाला लावून घेऊ नका.

मिक्सोमाचे ढोबळ दोन प्रकार दिसतात. एक गुळगुळीत, घट्ट आणि मोठा. तो वाट अडवतो. दुसरा मऊ, झालरीदार. त्याचे कण सुटतात आणि रक्ताबरोबर मेंदूत, पायात, क्वचित हृदयाच्याच धमनीत जाऊन बसतात. दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण रोगी लकव्याचा म्हणून येतो आणि हृदयाकडे कोणाचं लक्षच जात नाही. बीपी नाही, साखर नाही, नाडी नियमित आणि तरी पन्नाशीच्या आत लकवा, अशा प्रत्येकाचा इको (हृदयाची सोनोग्राफी) झालाच पाहिजे. पायाच्या धमनीतून शस्त्रक्रियेने काढलेली गुठळी बादलीत न टाकता तपासणीला पाठवावी. काही मिक्सोमा त्या गुठळीतूनच पहिल्यांदा सापडतात.

ईसीजीत का दिसला नाही

ईसीजी हृदयातली वीज मोजतो. स्नायू, वीज वाहून नेणारे तंतू आणि स्नायूला रक्त देणाऱ्या धमन्या यांत बिघाड झाला की कागदावरची रेष बदलते. पोकळीत लोंबणारी, स्नायूला धक्का न लावणारी गाठ त्या रेषेत उमटायचं कारणच नाही. फार तर वरचा कप्पा फुगल्याची खूण दिसते, तीही नेहमी नाही. छातीचा एक्स-रेही बहुधा काही बोलत नाही. म्हणजे ईसीजी चुकीचा वाचला असं समजू नका. ज्या तपासणीत ही गाठ दिसूच शकत नव्हती, ती दोनदा केली गेली. आपल्याकडे ‘कार्डिओग्राम काढला, हृदय चांगलं आहे’ हे वाक्य जितक्या सहज बोललं जातं, तितका त्याला आधार नसतो.

दिसते ती इकोत. १५-२० मिनिटं, सुई नाही, उपाशीपोटी जायला नको. छातीवरून केलेल्या इकोत शंभरांतले ९५च्या आसपास मिक्सोमा सापडतात. शंका राहिली तर अन्ननलिकेत नळी घालून केलेला इको जवळजवळ काहीच सोडत नाही. हे तंत्र येण्याआधी या गाठी बहुतेक मेल्यानंतरच सापडत. यशस्वीपणे काढलेला पहिला मिक्सोमा १९५४चा, स्टॉकहोममध्ये क्लॅरन्स क्राफर्ड यांनी काढलेला.

मग इको करावा असं कधी वाटायला हवं होतं? नुसत्या चक्करेवर कोणी करणार नाही, आणि त्याबद्दल डॉक्टरला दोष देणं रास्त नाही. पण तीन गोष्टी एकत्र आल्या की करायलाच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली आणि सगळ्यांत मोलाची: त्रास शरीराच्या स्थितीनुसार बदलतो. लावणीला वाकलं, जाळं ओढताना पुढे झुकलं, पेटी उचलायला खाली गेलं की अंधारी. उठून उभं राहिलं की बरं. किंवा डाव्या कुशीवर झोपलं की धाप, उजवीवर वळलं की मोकळं. झडप आकसल्याने लागणारी धाप श्रमाने वाढते आणि आडवं पडल्याने वाढते, पण कूस बदलल्याने अशी चट्‌कन येत-जात नाही. रोगी हे आपणहून सांगत नाही. ‘नक्की काय करताना होतं’ हे खोदून विचारावं लागतं, आणि गर्दीच्या ओपीडीत तेवढाच एक प्रश्न राहून जातो.

दुसरी: बारीक ताप, वजन उतरणं, सांधे दुखणं, हिमोग्लोबिन कमी आणि ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेला. ही गाठ स्वतः इंटरल्युकिन-६ नावाचं रसायन रक्तात सोडते, त्याचा हा परिणाम. कोकणात पावसाळ्यातला ताप म्हटला की लेप्टो, मलेरिया, डेंग्यू. पावसाळा सरल्यावर रेंगाळला की टीबी. हा क्रम बरोबरच आहे, कारण ते आजार कितीतरी जास्त आहेत. चूक पुढे होते: सगळे रिपोर्ट कोरे आले तरी टीबीची औषधं ‘बघू तरी’ म्हणून सुरू होतात.

तिसरी: हृदयात आवाज. गाठ झडपेत अडथळा आणते तेव्हा ऐकू येणारा आवाज मायट्रल स्टेनोसिससारखा, म्हणजे लहानपणच्या संधिवाताच्या तापाने आकसलेल्या झडपेसारखा असतो. तो आजार आपल्याकडे अजून आहे, म्हणून शिक्का पटकन बसतो आणि दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू होतं. ऐकताना रोग्याला बसवून, उताणं झोपवून आणि डाव्या कुशीवर, असं तिन्ही प्रकारे ऐकावं. आवाज एका स्थितीत असेल आणि दुसरीत गायब, तर ती झडप नव्हे. कधी गाठ खाली आपटल्याचा एक बसका ठोकाही मिळतो. तो सर्वांत मिळत नाही, त्यामुळे आवाज नाही म्हणून गाठ नाही असं म्हणू नये.

इको सांगताना चिठ्ठीवर फक्त ‘२डी इको’ न लिहिता ‘वाकल्यावर चक्कर, ताप, वजन घट, वरच्या कप्प्यात गाठ आहे का’ असं लिहून द्यावं. शिबिरात छोट्या यंत्रावर पाच मिनिटांत केलेला इको हृदयाची आकुंचनक्षमता सांगतो, पण वरच्या कप्प्यांचा पडदा नीट पाहायला पोटाच्या वरच्या बाजूने, बरगड्यांखालून प्रोब (इकोच्या यंत्राचा हातात धरायचा भाग) लावावा लागतो आणि तोच भाग घाईत वगळला जातो. गाठ आणि रक्ताची गुठळी यांचीही गल्लत होते. गुठळी बहुधा फुगलेल्या कप्प्याच्या मागच्या भिंतीला किंवा कानाच्या पाळीसारख्या पिशवीत असते, नाडी अनियमित असते, झडप आकसलेली असते. पडद्याला देठाने चिकटलेलं, हलणारं काही दिसलं आणि झडप निरोगी असली, तर तो मिक्सोमा धरून चालावं. गुठळी समजून रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांवर तीन महिने काढणं हा इथला नेहमीचा घात. त्या गोळ्यांनी मिक्सोमा विरघळत नाही.

सापडला असता तर

बहुधा वाचला असता. हे ऐकायला जड आहे, पण तुम्ही सरळ विचारलं आहे. उपचार एकच, शस्त्रक्रिया, आणि तीही ‘आंबा संपल्यावर बघू’ या हिशेबाने नव्हे, तर थोड्या दिवसांत. सिंधुदुर्गातले रोगी यासाठी गोव्यातलं बांबोळी, कोल्हापूर किंवा मुंबई गाठतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या शस्त्रक्रिया आहेत. योजनेतल्या रुग्णालयात पोचल्यावर पहिली भेट आरोग्यमित्राची (योजनेच्या तिथल्या मदतनिसाची) घ्यावी, बिल झाल्यावर नव्हे.

छातीचं मधलं हाड उघडून, हृदय-फुफ्फुस यंत्रावर रक्ताभिसरण घेऊन हृदय थांबवतात. महाधमनीला चिमटा लागेपर्यंत हृदय हाताने हलवायचं नाही हा दंडक, कारण हलवलं की कण सुटून मेंदूत जातात. मग वरचा कप्पा उघडून गाठ देठासकट काढतात आणि देठाच्या मुळाभोवतीचा पडदाही काही मिलिमीटर ते एक सेंमी घेऊन कापतात. नुसता देठ खुडला तर मुळातून परत वाढू शकते. पडद्याचं भोक लहान असेल तर टाके, मोठं असेल तर हृदयावरच्या आवरणाचंच ठिगळ. बाकीचे तीन कप्पे पाहून घेतात, कारण दुसरी गाठ असू शकते. अनुभवी केंद्रात दगावण्याचं प्रमाण शेकडा एक ते तीन. एकट्या, आनुवंशिक नसलेल्या गाठीत ती परत येण्याचं प्रमाणही साधारण तेवढंच.

निदान झालं आणि शस्त्रक्रियेला दोन-चार दिवस आहेत, अशा घरांसाठी: ज्या स्थितीत चक्कर येते ती टाळा, मोटारसायकलवर घाट उतरू नका, जोराचं काम बंद. छातीत दुखलं म्हणून शेजाऱ्याकडची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवू नका. ती हृदयाकडे परतणारं रक्त कमी करते, आणि इथे आधीच कमी रक्त पुढे जातं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा मोठा डोस आणि पाण्याची कमतरता यांचाही तोच धोका. कमरेतल्या भुलेने बीपी अचानक पडतं, म्हणून हर्निया किंवा दुसरी कुठली शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञाला गाठीबद्दल आधी सांगा.

भावंडं आणि मुलं

दहांपैकी नऊंहून अधिक मिक्सोमा एकटेच येतात, घराण्यात चालत नाहीत. उरलेल्यांत ‘कार्नी कॉम्प्लेक्स’ नावाचा आनुवंशिक आजार असतो. एडन कार्नी यांनी १९८५मध्ये त्याचं वर्णन केलं. बहुतेक घरांत दोष पीआरकेएआर१ए या जनुकात सापडतो आणि आई-बापांपैकी एकाकडे तो असेल तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. संशय कशावरून घ्यायचा: गाठ तरुण वयात, एकाहून जास्त गाठी, किंवा पडद्याच्या नेहमीच्या जागेऐवजी दुसरीकडे; ओठांवर, पापण्यांच्या कडांना, डोळ्यांच्या कोपऱ्यांत बारीक काळे-तपकिरी ठिपके; त्वचेखाली किंवा स्तनात मिक्सोमाच्याच गाठी; कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक वाढण्याचा आजार; घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं किंवा लकवा झालेलं.

भावाचे जवळून काढलेले फोटो चाळा, विशेषतः ओठ आणि डोळे दिसणारे. उन्हात काम करणाऱ्याच्या गालावरचे वांग त्यात धरू नका. शवविच्छेदन अहवालात गाठ एकच होती का आणि कुठे चिकटली होती हे वाचा. ते लिहिलेलं नसेल तर ज्यांनी शवविच्छेदन केलं त्या डॉक्टरांना विचारा. गेलेल्या माणसाचं वय ३४ म्हणजे तरुणच, त्यामुळे वरचं बाकी काही नसलं तरी आई-वडील, सगळी भावंडं आणि दोन्ही मुलं यांचा एकेकदा इको करून घ्यावा आणि त्वचा पाहून घ्यावी. सगळं स्वच्छ निघालं आणि भावाची गाठ नेहमीच्या जागी एकटीच होती, तर मी दर वर्षी तपासण्या करायला सांगणार नाही.

ठिपके किंवा दुसरी गाठ सापडली तर जनुकीय सल्लागाराकडे जा. तिथे जपून ठेवलेला ब्लॉक कामी येतो: सूक्ष्मदर्शकातलं निदान पुन्हा तपासता येतं आणि त्यातून डीएनए काढायचा प्रयत्नही होतो. फॉर्मॅलिनमधला डीएनए मोडका असतो, प्रत्येक वेळी जमत नाही. दोष नक्की झालेल्या व्यक्तीला लहानपणापासून दर वर्षी इको, जन्मभर. एकदा गाठ काढलेली असेल तर दर सहा महिन्यांनी. दोष नाही असं सिद्ध झालेल्या मुलाला त्यातून कायमची सुट्टी.

इतर गाठी, आणि शवविच्छेदनात काय निसटतं

अचानक मृत्यूला मिक्सोमाच कारण असतो असं नाही. महाधमनीच्या झडपेवर पॅपिलरी फायब्रोइलॅस्टोमा नावाची सेंमीभराची केसाळ गाठ बसते आणि हृदयाच्या धमनीचं तोंड झाकू शकते. लहान मुलांत खालच्या कप्प्यांच्या स्नायूत फायब्रोमा होतो, तो ठोके बिघडवतो. आणि वीज वरून खाली नेणाऱ्या एव्ही नोडमध्ये काही मिलिमीटरची पोकळीदार गाठ असते, जी हृदय पूर्ण थांबवू शकते. ही शेवटची दोन्ही बाबतींत वेगळी: ती ईसीजीत ‘हार्ट ब्लॉक’ म्हणून दिसते, इकोत दिसत नाही. नुसत्या डोळ्यांनी शवविच्छेदनातही निसटते, कारण ती जागा मुद्दाम पातळ काप घेऊन पाहावी लागते.

म्हणून तरुणाचा अचानक मृत्यू आणि धमन्या स्वच्छ, अशा वेळी तालुक्याच्या ठिकाणी हृदयाचे चार तुकडे घेण्यापेक्षा पूर्ण हृदय पाठवावं. वरचे कप्पे उघडून आत पाहावं, पण नळाच्या जोरदार धारेखाली धरू नये. झालरीदार मिक्सोमा गुठळ्यांबरोबर गटारात जातो. मेल्यानंतरची गुठळी ओली, चकचकीत, कुठेही न चिकटलेली असते आणि उचलली की सहज सुटते. मिक्सोमा पडद्याला धरून असतो. गाठीची तीन मापं, वजन, चिकटण्याची जागा, देठाची लांबी लिहावी. १०% फॉर्मॅलिन, म्हणजे बाजारातलं फॉर्मॅलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग. हृदयाच्या आकारमानाच्या किमान दहापट द्रव, रुंद तोंडाची बरणी. अरुंद बरणीत कोंबलेलं हृदय दोन दिवसांत कडक होतं आणि फोडल्याशिवाय बाहेर येत नाही. सगळ्यांत महागात पडणारी चूक बरणीची अदलाबदल. विषतपासणीचा व्हिसेरा (काढून ठेवलेले अवयव) मिठाच्या संपृक्त पाण्यात जातो आणि कोकणात फुरसं हा विषारी साप चावल्याच्या संशयामुळे तो बहुतेकदा ठेवलाच जातो. त्याच मिठाच्या बरणीत हृदय पडलं की सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखं फारसं उरत नाही.

घरी, बागेत किंवा होडीवर असा मृत्यू झाला आणि डॉक्टर कारण लिहून द्यायला तयार नसेल, तर पोलिस पाटलाला कळवून पंचनामा आणि शवविच्छेदन होऊ द्यावं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ यासाठीच आहे. १ जुलै २०२४ आधी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं. मुंबईहून माणसं यायची आहेत, पाऊस आहे, म्हणून उरकून टाकलं तर पुढच्या पिढीला कारण कधीच कळत नाही.

मृत्यूच्या दाखल्यावर ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ (हृदय आणि श्वास थांबला) एवढंच असेल तर ते कारण नव्हे. प्रत्येक माणूस शेवटी तसाच जातो. तुमच्या भावाच्या बाबतीत वरच्या ओळीत मायट्रल झडपेत अडथळा आणि खालच्या ओळीत डाव्या वरच्या कप्प्यातला मिक्सोमा, असं हवं. हा नैसर्गिक मृत्यू धरला जातो. त्यामुळे आयुर्विम्याला अडचण नसते, पण शेतकरी अपघात अनुदानात तो बसत नाही, जरी कोसळला बागेतच असला तरी. झाडावरून पडून जखमेने गेला असता तर गोष्ट वेगळी होती, आणि तेव्हा पडण्याआधी शुद्ध हरपली की नंतर, यावर अहवालातली जखमांची नोंद निर्णायक ठरते.